जाळीला चिकटून

अहो फोटोवाले,

होय, मीच काढला. दुसरं कोण काढणार? घरात आता मी, दोन कोंबड्या आन् भिंतीवरचे तुमी. कोंबड्यांना कपाटाचं कुलूप उघडता येत न्हाई. तवा तुमचा कॅमेरा मीच काढला, बॅटरी मीच चार्ज केली, आन् पट्टा पण गळ्यात घातलाय. बसा आता हाराच्या आतून डोळे वटारून.

दोन दिवस झाले तुमी माझ्याकडं असंच बघताय, म्हणून आज लिहायला बसले. तोंडानं सांगितलं असतं, पण तोंडानं सांगायला गेले की मी चेष्टेवर नेते, तुमाला ठाऊक हाय. आज रविवार. उद्या दहाच्या सुमाराला वनखात्याच्या गार्डबाई येणार. त्या यायच्या आत मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची हाय. दुसऱ्या कुणाला सांगितली तर संध्याकाळपर्यंत अवसरीच्या एसटी स्टँडवर पोचंल. तुमी कुणाला सांगणार न्हाई. हा एक गुण तुमच्यात मेल्यावर आला.

आधी घरची खबर ऐका. तुमी गेला पौषात. चैत्रात संतोषनं ओट्याला जाळी मारली, खालच्या फरशीपासून वर पत्र्यापर्यंत. वेल्डिंगवाला दोन दिवस ठाण मांडून व्हता. आपला मळा तीन बाजूंनी उसात, चौथ्या बाजूला पाट, आन् उसात बिबट्या. तुमी असताना तो लांबचा पावणा व्हता, आता शेजारी झालाय. पाच वाजले की मी आत, कडी लावते, कुलूप घालते. सकाळी उन्हं चांगली वर आली की बाहेर. मोरी आत घेतली, माठ आत, कोंबड्या आत. शाळेत असताना पिंजऱ्यातला पोपट चित्रात काढायचे मी. आता कळतंय, त्याचं तोंड तसं का असायचं.

संतोष फोनवर रोज एकच बोलतो. "आई, मोशीला ये. नवव्या मजल्यावर बिबट्या येत न्हाई." आठ दिवस जाऊन आले व्हते मी. काय बघते, तिथं पण गॅलरीला जाळी! विचारलं तर सूनबाई म्हणली, कबुतरांसाठी हाय. आता तुमीच सांगा, बिबट्याच्या भीतीनं कोंडून घेतलं तर चार माणसांत सांगायला बरं वाटतं. कबुतराच्या भीतीनं? परत आले. तवा संतोषनं अट घातली. बिबट्या घरापाशी आला असं एकदा जरी कळलं, तर त्याच दिवशी गाडी घेऊन येणार आन् मला उचलून नेणार. तुमच्यावर गेलाय, बोलला की बोलला.

आन् तो घरापाशी आला.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. शेवग्याखाली आपला पाण्याचा हौद हाय ना, त्याच्या कडंला सकाळी ओले पंजे उमटलेले. सिमेंटवर, ताजे. मी वाकून बघेपर्यंत उन्हानं वाळून गेले. रंजनाला बोलावलं. रंजना म्हंजे पाटापल्याडची, जिच्या लग्नाचे फोटो तुमी काढले आन् एकात पण नवऱ्याचे डोळे उघडे न्हाईत. ती आली तवा हौद कोरडा. म्हणली, "वैनी, चष्म्याचा नंबर बदलला का?" पण तोंडावरनं घाबरलेली दिसली. तिची नात परी चार वर्षांची. उसाच्या बांधानं अंगणवाडीत जाते.

आमी दोघींनी गार्डबाईला फोन लावला. बाई चांगली हाय, मला मावशी म्हणते. ती म्हणली, पिंजरे मोजके, मळे लई, जिथं नक्की येतो तिथं आधी लावतो. फोटो मिळाला तर काम सोपं होईल. आन् एक बजावलं, फोटोत हौद, झाड, घर काहीतरी दिसू द्या. कारण मधी कुणीतरी मोबाईलवर बनवलेला बिबट्या गावच्या ग्रुपवर टाकला व्हता, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर मांडी घालून बसल्यासारखा. बिचारी पळत गेली, तर पायरीवर कुत्रं पण नव्हतं. तवापासून तिला जागा ओळखू येणारा फोटो लागतो.

म्हणले, आमच्या घरात फोटोवाला व्हता, आमाला काय अवघड?

अवघड व्हतं. पयला फोटो मोबाईलवर काढला, बोटांनी ताणून ताणून जवळ घेऊन. रंजना बघून म्हणली, "वैनी, ही सिमेंटची गोणी कुठं ठेवलीय?" बिबट्या व्हता तो. तुमी पोरांना सांगायचा ते तवा आठवलं. बोटानं ताणलं की फोटो मोठा होत न्हाई, फाटतो. जवळ जायचं असंल तर पायानं जा, न्हाईतर लांबडी लेन्स लावा. पायानं जायची माझी हौस नव्हती. मग लांबडी लेन्स काढली.

आता हे ऐकून चिडू नका. कॅमेरा मी कपाटातच, तांदळाच्या डब्यात ठेवला व्हता. पावसाळ्यात ओल धरंल म्हणून. घाटघरच्या पावण्यांनी दिलेला चांगला तांदूळ, त्यात गळ्यापर्यंत पुरला. सगळे सांगतात, तांदूळ ओल पितो. ओल प्याला का न्हाई ठाऊक न्हाई, पण तांदळाचं पीठ आत गेलं. पयल्या दहा फोटोंत आभाळातनं पांढरे ठिपके पडताना दिसतात. तुमी असता तर दोन दिवस जेवला नसता. मी लेन्स पुसायला पदर उचलला आन् मागनं तुमचा आवाज आला, पदर न्हाई! खरंच आला, खोटं कशाला सांगू? मग तुमचा रबराचा फुगा शोधला, आधी फुंकर, मग मऊ ब्रश, मग ते कापड. सगळं तुमच्या क्रमानं. त्या तांदळाचा भात मातर केला मी. चांगला झाला.

तुमी मला कधी शिकवलं न्हाई, हे आज लिहून ठेवते. रविवारी कॉलेजची पोरं याच ओट्यावर बसायची, तुमी गुरुजी होऊन खुर्चीवर, आन् मी आत पोह्याला. त्यांना वाटायचं, काकू पोहे करताय. काकू ऐकत व्हती. वीस वर्षं ऐकलं. एकदा मी म्हणले, मला पण बघू द्या, तर पट्टा असा गळ्यात अडकवला, जसं म्हशीला दावं घालतात, आन् म्हणला, "पाडू नको हं." तेवढाच काय तो माझा क्लास.

पण चुलीपाशी ऐकलेलं चुलीच्या भाषेत ध्यानात ऱ्हायलं. एफचा आकडा म्हंजे खिडकी. आकडा लहान तर खिडकी मोठी, हे उलटं कुणी ठरवलं? तुमच्याच भावकीतला असंल. शटर म्हंजे भाकरी तव्यावर किती वेळ ठेवायची. पळणाऱ्या जनावराला कमी वेळ, शटरचा आकडा पाचशेच्या वर, न्हाईतर चार पायांचे आठ पाय होतात. आन् आयएसओ म्हंजे तिखट. उजेड कमी पडला की तिखट टाकून भागवायचं, पण हात सुटला की फोटो खरबरीत होतो, रवा सांडल्यावाणी. मी हे रंजनाला सांगितलं तर ती म्हणली, वैनी, तुमी क्लास काढा. बघा! तुमच्या खुर्चीला मालकीण मिळाली.

तिनं परीचा फोटो काढून मागितला, अंगणवाडीत द्यायला. मी पोरीला दाराच्या उजेडाकडं तोंड करून बसवलं. उन्हात न्हाई, उन्हाच्या कडंला. ऊन तोंडावर घेतलं की माणूस डोळे मिटतं, हे तुमाला रंजनाच्या लग्नात कळायला पायजे व्हतं. मग मी फरशीवर पालथी पडले, पोरीच्या डोळ्याच्या उंचीला. लहान पोराचा फोटो उभं राहून काढला तर ते पोर न्हाई, डोकं दिसतं. परी मला पालथी पडलेली बघून एवढी हसली की तिचे पुढचे चार दात फोटोत आले. पडल्या पडल्या मला एकटीला उठता येईना, हे सोडून द्या. रंजनानं ओढून उठवलं.

बिबट्या असा बसत न्हाई. तो अंधारून यायच्या जरा आधी येतो, हौदावर पाणी पितो, जातो. पयल्या संध्याकाळी कॅमेऱ्यानं आपल्या मनानं फोकस धरला तो जाळीच्या तारेवर. तार अशी सुरेख आली, तिचा गंज सुद्धा मोजता यावा. मागं पिवळा डाग. दुसऱ्या संध्याकाळी फ्लॅश आपोआप उडाला, सगळी जाळी पांढरीफेक, आन् तो एका उडीत उसात. मीच मला शिव्या दिल्या. तिसऱ्या संध्याकाळी हात हलला.

मग बसले विचार करत. तुमी मला पुण्याला प्राणीबाग दाखवायला नेलं व्हतं, लग्नानंतर. आठवतंय? मला वाटलं, आता फिरवताय, भेळ खाऊ घालताय. तुमी तास न् तास वाघाच्या पिंजऱ्याला लेन्स टेकवून उभे. मी कंटाळून म्हणले, जाळीचाच फोटो येणार. तवा तुमी मला नीट समजावलं, पोरांना सांगावं तसं. कधी शिकवलं न्हाई म्हणले, त्यातनं हे एक वजा करा. जाळीपासून लांब उभं राहिलं की जाळी दिसते. लेन्स तारेला चिकटवली, खिडकी पुरी उघडली आन् फोकस लांबच्या जनावरावर ठेवला, की जाळी फोटोतनं निघून जाते. असते, पण दिसत न्हाई. मी म्हणले, म्हंजे संसारासारखं. तुमी हसला न्हाई. तुमाला तवा माझी चेष्टा कळायची न्हाई, नवीन व्हता.

तसंच केलं. फोकस कॅमेऱ्याच्या हातातनं काढून माझ्या हातात घेतला. हौद वीस पावलांवर. दुपारी उजेडात हौदाच्या कडंवर फोकस लावला आन् रिंगवर खूण करायला काहीतरी पायजे व्हतं. आरशाच्या मागं माझ्या टिकल्यांचं जुनं पाकीट सापडलं, लाल, मधल्या मापाच्या. एक रिंगवर चिकटवली, एक लेन्सवर. दोन्ही टिकल्या समोरासमोर आल्या की हौद ठसठशीत. मला लावू देत न्हाईत तर न्हाई, तुमच्या लेन्सनं लावली. बघा, कशी नवरीवाणी दिसतीय.

आधी जागा ठरवा, मग वाट बघा, हे तुमचंच. जनावराच्या मागं कॅमेरा फिरवायचा न्हाई, जनावर कॅमेऱ्यात यायची वाट बघायची. कोपरं बरगडीला, पाठ खांबाला. अर्धा श्वास सोडायचा आन् तिथंच धरायचा. तोंड बंद. बटण दाबायचं न्हाई, पिळायचं. एक काढून खूश व्हायचं न्हाई. मी रोज पाचला कुलूप घालायची आन् जाळीला डोळा लावून उभी ऱ्हायची. खरं सांगू? तो तासभर मला जाळी दिसायची न्हाई. तुमी गेल्यापासून पयल्यांदा मला संध्याकाळची भीती वाटेना.

आता एक जुनं उकरते. रागावू नका, मीच रागावलेली हाय.

संतोष वर्षाचा असताना याच ओट्यावरनं खाली पायरीवर पडला. तुमी समोर, हातात कॅमेरा. मी आतनं पळत आले तर पोरगं उताणं, तोंड उघडं, अजून आवाज पण फुटला नव्हता, आन् तुमी आधी फोटो काढला. मग उचललं. तो फोटो मंचरच्या स्टुडिओत काचेत लावला. लोक थांबून बघायचे. मी तीस वर्षं तुमाला त्यावरनं टोचलं. कुणी पावणा आला की मी सुरू. आमच्याकडं पोरगं पडलं की आधी फोटो येतो, मागनं बाप येतो. सगळे हसायचे, तुमी पण. एकदाच तुमी हसला न्हाई. म्हणला, "शालन, मी ठरवलं नव्हतं गं. बोट आधी गेलं." आन् मी काय म्हणले? "बोट काय शेजाऱ्याचं व्हतं का?"

शुक्रवारी रंजनाची शेळी गेली. सोनी. पांढरी, एका कानावर काळा ठिपका. परी तिच्याशी बोलायची. आपल्या हौदापाशी ओलाव्यानं गवत हिरवं ऱ्हातं, म्हणून रंजना तिला दुपारची तिथं बांधायची आन् पाचच्या आत सोडून न्यायची. शुक्रवारी परीला ताप भरला, तिला घेऊन ती मंचरला डॉक्टरकडं गेली. सव्वापाचला तिचा फोन आला. गाडी मिळंना, उशीर होईल, सोनी तिथंच ऱ्हायली. "वैनी, तुमी बाहेर येऊ नका. नुसती नजर ठेवा. काही दिसलं तर मोठ्यानं वरडा, तो पळून जातो." मी म्हणले, काळजी करू नको.

सातला ती आली तवा खुंट्याला तुटलेलं दावं.

मी तिला सांगितलं, तुमच्यापुढं दिवा लावायला आत गेले व्हते. तेवढ्यात झालं असंल. काही दिसलं न्हाई, काही ऐकलं न्हाई. तुमचं नाव पुढं केलं, काय करू? तुमी काही खोटं पाडणार नव्हता. रंजना जाळीच्या बाहेर उभी राहून रडली, आन् परत मलाच म्हणली, "बरं झालं वैनी, तुमी बाहेर आला न्हाई. तुमाला काही झालं असतं म्हंजे?" काल ती माझ्यासाठी भाकरी आन् ठेचा घेऊन आली. मी म्हणले, तिखट जास्त झालंय. काहीतरी बोलायला पायजे व्हतं.

परीला तिनं घराबाहेर सोडणं बंद केलंय. चार वर्षांची पोर खिडकीच्या गजाला धरून उभी असते आन् पाटापल्याडनं मला हात करते. इकडं मी जाळीत, तिकडं ती गजात. आमी दोघी एकमेकींना हात करतो.

काल गार्डबाई येऊन गेली. रात्री पाटाचं पाणी उसात सोडलेलं, सगळा चिखल सपाट. ठसा न्हाई, रक्त न्हाई. ती खरं तेच बोलली. कुत्री असतील, चोर असंल, तो असंल, नुसत्या दाव्यावरनं सांगता येत न्हाई. एकच पिंजरा मोकळा हाय. इथलं पक्कं झालं तर सोमवारी इथं, न्हाईतर पलीकडच्या वस्तीवर, त्यांचं पण मागणं हाय. जाताना तिला ओट्यावर कॅमेरा दिसला. "मावशी, काही निघाला का फोटो?"

मी म्हणले, म्हाताऱ्या माणसाचा हात हलतो, बाई.

न्हाई हलला. अहो, न्हाई हलला. तुमाला तरी सांगू द्या. फोटो निघाला. अकरा निघाले. अकरावा तर असा हाय की तुमी तो पुण्याला नेऊन मोठा करून आणला असता. हौदाची कड, शेवग्याचं खोड, आपल्या बाहेरच्या जुन्या न्हाणीचा कोपरा, सगळं जागच्या जागी, गार्डबाई म्हणली तसं. मधी तो, मान वळवलेली, तोंडात सोनी. नजर सरळ माझ्याकडं. मिशीचा केस न् केस मोजावा. आन् जाळीची एक तार फोटोत न्हाई. एक पण न्हाई. बघणाऱ्याला वाटावं, मी अंगणात त्याच्यासमोर मोकळी उभी हाये.

फोटो बघून आधी काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. तुमी असायला पायजे व्हता असं वाटलं. मग त्याच्या तोंडातलं दिसलं.

दोन दिवस हिशेब करतीय, कुठनं बाहेर पडता येतं का. अकरावा एकटा दिला तर चालतं. दिवा लावून बाहेर आले, तो नेताना दिसला, घाबरून आधी बोलले न्हाई, असं म्हणता येतं. कुणी जास्त विचारणार न्हाई, विधवा बाई, एकटी, घाबरली असंल. पिंजरा येईल. परी बाहेर येईल. पण मागचे दहा कार्डात ऱ्हातात. पुसायचं बटण मला सापडलंय, कचऱ्याच्या डब्याचं चित्र हाय. काल दोनदा बोट नेलं तिथं. तो कॅमेरा विचारतो, पुसू का, होय का न्हाई. तुमी मला आयुष्यात एवढं विचारून काही केलं न्हाई, आन् तुमचं यंत्र विचारतंय. दोन्ही वेळा मी न्हाई दाबलं.

काहीच न द्यावं, तर पिंजरा पलीकडं जातो आन् रोज सकाळी परी गजाला. सगळे द्यावे, तर रंजना. आन् संतोष हायेच, फोटो बघितला की संध्याकाळी गाडी दारात, मग कबुतरांची जाळी. कुठल्याही बाजूला हात घातला की तार लागते. तुमच्या त्या युक्तीनं ही जाळी जाईना. चिकटून बघितलं. आणखीच दिसायला लागली.

म्हणून शब्द देते. तुमच्या फोटोपुढं बसून, कॅमेरा मांडीवर घेऊन. उद्या उन्हं वर आली की कुलूप काढीन आन् पाट ओलांडून रंजनाकडं जाईन, गार्डबाई यायच्या आत. कॅमेरा तिच्या हातात देईन. पयल्यापासून अकराव्यापर्यंत, क्रमानं, एक पण पुसणार न्हाई. ती जे बोलंल ते उभी राहून ऐकीन, चेष्टेवर नेणार न्हाई. मग गार्डबाईला. मग संतोषला, आन् तो नेतो म्हणला तर त्याच्याशी भांडायला मी हायेच, ते तुमी माझ्यावर सोडा. आन् आणखी एक. त्या पायरीवरच्या फोटोवरनं तुमाला पुन्हा कधी टोचणार न्हाई. पावण्यापुढं न्हाई, मनात पण न्हाई.

तुमची,
गळ्यात पट्टा घातलेली
शालन

सही करून झाली, तरी पयल्या फोटोत काय हाय ते लिहिलं न्हाईच. तुमी विचारलं पण न्हाई, पण वाट बघताय.

पयल्या फोटोत सोनी गवत खातीय. दावं शाबूत हाय. तो उसाच्या कडंला पोट टेकून बसलाय. तो मला दिसला व्हता. रंजनानं वरडायला सांगितलं व्हतं. मी अर्धा श्वास सोडला आन् धरला. कॅमेरा वेळ लिहून ठेवतो. पयल्या आन् अकराव्या फोटोत चार मिनिटं हायेत. मी वरडले न्हाई.